आयडलिंगलाच पळते! नायट्रो बगीच्या क्लचने रडवलं आहे

डिचोलीचा_बगीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळणार, म्हणून सगळं लिहितो.

माझ्याकडे १/८ मापाची नायट्रो बगी आहे, म्हणजे रिमोटवर चालणारी, मिथेनॉल मिसळलेल्या इंधनाची खेळण्यातली गाडी. गेल्या फेब्रुवारीत मडगावच्या एका माणसाकडून जुनी घेतली. इंजिन ३.५ सीसीचं, दोरी ओढून सुरू होणारं. क्लच तीन शूंचा (फिरताना बाहेर सरकून पकडणारे तुकडे), शू अ‍ॅल्युमिनियमचे, बेल (शूंभोवतीची वाटी, तिच्यावरचा दातेरी पिनियन मोठ्या गिअरला फिरवतो) १३ दात्यांची. मार्च ते मे दर रविवारी गावाबाहेरच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर) पळवली, तांबडी धूळ खाल्ली, मजा केली. जूनला पाऊस सुरू झाला तेव्हा पुसून खोक्यात घातली आणि माडीवर ठेवली. चवथ गेली, दसरा गेला, दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तेव्हा ती बाहेर निघाली.

सुरू व्हायला काहीच त्रास झाला नाही, तिसऱ्या ओढीला पेटली. पहिली दोन-तीन मिनिटं गाडी शहाण्यासारखी. रेस दिली की पळायची, सोडली की उभी. मग गरम झाल्यावर रेस पूर्ण सोडली तरी हळूहळू पुढे सरकायला लागली. भाच्याला वाटलं मामा गंमत करतोय. मी रिमोट हातात धरून नुसता बघतोय आणि बगी अंगण ओलांडून सरळ तुळशी वृंदावनावर! आईने व्हडल्या दिवाळीसाठी, म्हणजे तुळशीच्या लग्नासाठी, त्याच सकाळी त्याला चुना लावला होता. आता त्यावर तांबड्या टायरचे दोन पट्टे आहेत. पुढचं काही लिहीत नाही.

आतापर्यंत केलेले उपाय:

आयडल स्क्रू (रेस सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालत राहील ते ठरवणारा) कमी केला. गाडी थंड असताना बंद पडते, गरम झाली की तरीही सरकते.

रिमोटवरून ब्रेकचा ट्रिम वाढवला (म्हणजे रेस सोडल्यावर ब्रेक थोडा लागूनच राहतो) आणि ब्रेकची काडी थोडी घट्ट केली. त्याने गाडी उभी राहते, पण इंजिन दमल्यासारखं वाटतं.

क्लचच्या स्प्रिंगा बदलल्या. आधी १.० मिमी तारेच्या होत्या, १.१ च्या घातल्या. ढिल्या पडल्या असतील असा माझा अंदाज होता. आता नवाच ताप: रेस दिली की इंजिन आधी किंचाळतं, मग गाडी झटका मारून सुटते. आणि सरकणं? ते जसंच्या तसं आहे!

काल बेल काढली तर कडेला निळसर-जांभळा रंग आलाय. आता १.२ च्या स्प्रिंगा मागवू, की नवा क्लचच घेऊ? तुळशीच्या लग्नाआधी गाडी शहाणी झाली तर घरात माझी थोडी अब्रू राहील.

फोंड्याचा_रेस

भावा, स्प्रिंगा राहू देत, आधी लो निडल बघ, म्हणजे कमी रेसला इंधन किती जावं ते ठरवणारा स्क्रू. पावसाआधी लावलेली सेटिंग आता चालत नाही. मे महिन्याची दमट, गरम हवा वेगळी आणि आता पहाटेची थंड, कोरडी हवा वेगळी. थंड हवा दाट, तिला इंधन जास्त लागतं. निडल मेमधल्याच जागी असेल तर मिश्रण लीन झालंय, म्हणजे इंधन कमी, हवा जास्त. लीन इंजिनाची खूण अशी की रेस सोडल्यावर आवाज पटकन खाली येत नाही, वरच लटकतो आणि मग सावकाश उतरतो. त्या वेळात गाडी सरकणारच.

इंजिन नीट गरम कर, आयडलला ठेव आणि कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाब. आवाज थोडा चढून दोन-चार सेकंदांत इंजिन बंद पडलं तर ठीक. न चढताच फट्‌कन बंद पडलं तर लीन. खूप वेळ चढत राहिलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. एका वेळी स्क्रूला घड्याळाच्या पाच मिनिटांइतकंच फिरव, जास्त नको.

वृंदावनाचा फोटो टाक ना.

वास्को_मिठाचा_वारा

बेअरिंग. मी दुसरं काही बोलतच नाही. चार महिने माडीवर खोक्यात ठेवलीस, वर गोव्याचा पाऊस. बेलच्या आत ५×१०×४ मिमीची दोन बारीक बेअरिंगं असतात, ती गंजली असणार. नायट्रोच्या इंधनात मिथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पळवून झाल्यावर आत राहिलेलं इंधन पुसलं नाहीस तर गंज धरायला वेगळं काही लागत नाही. माझ्याकडे तर समुद्र खिडकीतूनच दिसतो, मी दर मोसमात चार जोड्या बदलतो.

टिपरकाका_साखळी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी खाणीच्या टिपरांचा मेकॅनिक. २०१२ त खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तोवर रोज एक तरी क्लच प्लेट हातातून जायची. नंतर कामच नाही, म्हणून मुलाच्या या खेळण्याला हात लावला. आता मुलगा पुण्याला आहे आणि खेळणं माझ्याकडे. मोठ्या क्लचची सवय असल्यामुळे सुरुवातीला मीही तुझ्यासारखाच चुकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

टिपरमध्ये स्प्रिंग क्लच धरून ठेवते. पाय दाबलास की सुटतो. या बगीत बरोबर उलटं आहे. स्प्रिंग शूला आत ओढून ठेवते, म्हणजे स्प्रिंगचं काम क्लच सोडवून ठेवायचं. इंजिन फिरायला लागलं की शू बाहेर फेकले जातात, एका ठरावीक फेऱ्यांना स्प्रिंग हरते आणि शू बेलला टेकतात. लुना चालवली असशील तर तिच्यातही हेच. फेऱ्या दुप्पट झाल्या की बाहेर फेकणारं बळ चौपट होतं, म्हणून एकदा टेकले की ते चांगलेच धरतात.

यातून काय निघतं बघ. तारेची जाडी वाढवलीस तर शू उशिरा टेकणार, जास्त रेसला. तुझं इंजिन किंचाळतंय ते म्हणूनच, तू स्वतःच ती फर्माईश केलीस! पण मला खटकलं ते दुसरंच. सरकण्याचं कारण शू असते, तर कडक स्प्रिंगेने सरकणं कमी व्हायला हवं होतं. निदान थोडं. तू म्हणतोस काडीचा फरक नाही. मग शूंचा त्यात हात नाही. आयडलला शू आतच बसलेले आहेत, आणि तरी बेल फिरते आहे. बेलला दुसरंच कोणीतरी धरून फिरवतंय.

बेल क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावर दोन बेअरिंगांवर मोकळी बसते. तिला फिरवू शकणारं फक्त बेअरिंग, किंवा बेअरिंगच्या आजूबाजूचे शिम (पातळ चकत्या) आणि वायसर. त्यामुळे वास्कोवाल्याशी मी सहमत आहे, पण नवीन बेअरिंग टाकायच्या आधी तपास कर. न तपासता भाग बदलायची सवय लागली की माणूस मेकॅनिक राहत नाही, गिऱ्हाईक होतो.

पहिला तपास थंड गाडीवर. इंजिनाचे खालचे चार स्क्रू ढिले करून इंजिन बाजूला सरकव, म्हणजे पिनियन मोठ्या गिअरपासून सुटेल. बेलला बोटाने टिचकी मार. दोन-तीन फेरे मोकळी फिरली पाहिजे आणि फ्लायव्हील (शू ज्यावर बसतात ते चाक) जागेवरून हलता कामा नये. मग बेल चिमटीत धरून आत-बाहेर ढकल. अगदी बारीक 'टिक' आली पाहिजे. तेवढा प्ले, म्हणजे हलायला मोकळी जागा, लागतोच. फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) असेल तर ०.१ ते ०.३ मिमीच्या मध्ये कुठेतरी ठेव, मी ०.२ ठेवतो. हा प्ले शून्य असेल तर थंड असताना गाडी ठीक चालेल आणि तापल्यावर लोखंड वाढून सगळं एकमेकांना दाबून धरेल. तुझी गाडी तापल्यावरच बिघडते, म्हणून मला या जागेचा जास्त संशय आहे.

दुसरा तपास मला फार आवडतो, कारण त्यात वाद उरत नाही. तिन्ही शू आणि स्प्रिंगा काढून बाजूला ठेव. बेल पुन्हा बसव, पिनियन पुन्हा गिअरला लाव, ब्रेक मोकळा कर. इंजिन सुरू करून गरम होईपर्यंत आयडलला चालव. रेस द्यायची नाही, बोजा नसलेलं इंजिन भलत्याच फेऱ्यांना जातं. शूच नाहीत तर गाडी हलायला नको. हललीच तर चोर सापडला. गाडी हवेत धरून बघू नकोस. हवेत चाकं थोडी फिरतातच, बेअरिंगमधल्या ग्रीसचा तेवढा ओढा असतो. सपाट लादीवर ठेवून बघ.

आणि तो ब्रेक आधी सोड. ब्रेक लावून क्लच झाकायचा म्हणजे चुलीवर भांडं ठेवायचं, वर झाकण दाबून धरायचं आणि मग विचारायचं, आमटी करपली कशी. बेल निळी झाली त्यात कडक स्प्रिंगेने घसरणाऱ्या शूंचा वाटा आहे, तसा त्या ब्रेकचाही आहे.

बेल धरून ठेवणाऱ्या समोरच्या स्क्रूखाली काय काय आहे ते क्रमाने लिही. काही हरवलं, बदललं असेल तर तेही लिही. लपवू नकोस.

डिचोलीचा_बगीवाला

काका, तुम्ही माझ्या माडीवर येऊन गेलात का? एक गोष्ट खरंच लिहिली नव्हती, कारण तिचा काही संबंध असेल असं वाटलंच नाही.

एप्रिलमध्ये सड्यावर समोरचा स्क्रू सैल होऊन पडला होता. बेल निघून दहा पावलांवर जाऊन थांबली. स्क्रू सापडला, बेल सापडली, त्याखालचा बारीक वायसर सापडला नाही. त्या तांबड्या खडीत मूग शोधावा तसं शोधलं. मग बाजारातून ३ मिमी स्क्रूला बसेल असा एक वायसर आणला आणि लावला. जरा मोठा आहे, आता मोजला तर बाहेरून ९ मिमी. शिवाय त्या वेळी बेल खडखड करायची, म्हणून आतल्या बाजूला एक जास्तीचा शिम घातला. खडखड थांबली म्हणून खूश होतो.

पहिला तपास: थंड असताना बेल फिरते, पण दीडच फेरा, आणि फिरताना खसखस असा आवाज. आत-बाहेर प्ले जवळपास नाहीच. फिलर गेज शेजारच्या गॅरेजमधून आणला, ०.०५ चं पातंही जात नाही.

दुसरा तपास: शू काढले, लादीवर ठेवली, चार मिनिटांनी शूशिवाय गाडी आईच्या रांगोळीच्या दिशेने निघाली. या वेळी पायाने अडवली.

टिपरकाका_साखळी

सापडला.

बेअरिंगला दोन कड्या असतात. आतली शाफ्टबरोबर फिरते, बाहेरची बेलबरोबर. दोघींमध्ये गोळ्या, म्हणून एक फिरली तरी दुसरी उभी राहू शकते. तू घातलेला ९ मिमीचा वायसर शाफ्टबरोबर फिरतो आणि बाहेरची कडी आहे १० मिमीची. म्हणजे तुझा वायसर आतल्या कडीवर थांबत नाही, मधलं झाकण ओलांडून बाहेरच्या कडीला जाऊन घासतो. त्यात तू जास्तीचा शिम घालून प्ले संपवलास. गाडी तापली की वायसर बाहेरच्या कडीला दाबून धरतो आणि क्रँक थेट बेल फिरवते. तू क्लचला बायपास केलंस बाबा! शू बिचारे आत बसून बघतायत.

वायसर असा हवा की बेअरिंगच्या ५ मिमी भोकातून आत जाणार नाही, पण फक्त आतल्या कडीवरच टेकेल. गाडीच्या क्लचचा सुटा सेट मिळतो त्यात तो असतो. आतले शिमही ५ मिमी भोकाचे, बारीक कडेचे. ०.१, ०.२ आणि ०.३ चे पाकीट ठेव. जास्तीचा शिम काढ, बसव, प्ले मोज, कमी-जास्त कर. खडखड म्हणजे दोष नव्हे. गरम झाल्यावर वाढायला ठेवलेली ती जागा आहे. बेलची आतली कड मात्र फ्लायव्हीलला घासता कामा नये, तेवढं बघ.

खसखस आवाज येतोय म्हणजे बेअरिंगंही गेलीच. दोन्ही बदल.

आता जोडताना:

फ्लायव्हीलचा नट सोडावा लागला तर फ्लायव्हील पक्कडीने किंवा त्याच्यासाठीच्या पान्याने धर. ग्लो प्लगच्या (इंजिन पेटवणाऱ्या प्लगच्या) भोकातून काहीतरी घालून पिस्टन अडवायचा शहाणपणा काही लोक सांगतात, त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. मी वाकवलाय.

स्प्रिंगा बसवताना हात आणि क्लच दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घाल. सुटली तर पिशवीतच राहते. माझी पहिली स्प्रिंग अजून पोटमाळ्यावर कुठेतरी आहे.

शूंची दिशा काढायच्या आधी फोनवर फोटो काढून ठेव. शूचं मोकळं टोक फिरण्याच्या दिशेने पुढे आलं तर बेलला टेकताच तो स्वतःच आणखी आत चावतो, जोरात पकडतो. टोक मागे राहिलं तर ओढत जातो, पकड मवाळ. तुझ्या गाडीच्या पुस्तकात जसं चित्र आहे तसंच ठेव. तिन्ही एकाच दिशेने, हे मात्र कुठल्याही परिस्थितीत.

बेलच्या आत तेलाचा थेंब जाऊ देऊ नकोस. बेअरिंगला एक थेंब, तोही सुईच्या टोकाने. निळी झालेली बेल हातात घेऊन आत बघ. खोलवर पायरी पडली नसेल तर बारीक पॉलिश पेपर मारून वापरता येईल. शूंचे चेहरे आरशासारखे चकचकीत झाले असतील तर त्यांवरही तोच पेपर हलका फिरव.

शेवटी पिनियन आणि मोठा गिअर यांची जागा. वहीच्या कागदाची पट्टी दातांमध्ये घाल, इंजिन त्यावर दाबून स्क्रू आवळ, पट्टी फिरवून काढ. पट्टीवर दातांचे वळ यावेत, पण ती फाटू नये. मोठ्या गिअरची पूर्ण फेरी फिरवून बघ, एखाद्या जागी घट्ट लागत असेल तर त्या जागेवर सेट कर. फार घट्ट बसवलंस तर नवीन बेअरिंगं महिनाभरात पुन्हा खसखसतील.

आणि स्प्रिंगा १.० च्या, जुन्याच. त्या शाबूत आहेत, बिचाऱ्यांना उगाच शिक्षा झाली.

वास्को_मिठाचा_वारा

काका, बाकी सगळं मान्य, पण १.१ ला इतकं वाईट म्हणू नका. मी बगीत १.१ आणि हलके कार्बनचे शू घालतो. टाईट, धरणाऱ्या जमिनीवर गाडी अशी सुटते की बस.

टिपरकाका_साखळी

तुझी जमीन धरते, म्हणून. तुझी चाकं घसरत नाहीत तेव्हा उशिरा आणि जोरात पकडणारा क्लच चांगलाच. हा सड्यावर पळवतो. वर मोकळी खडी, खाली जांभा. तिथे झटका दिलास तर चाकं जागच्या जागी खडी उडवतात, गाडी तिथेच. त्याला लवकर आणि मवाळ पकडणारा क्लच हवा. शू हलके असले की तेही उशिराच टेकतात, म्हणजे तू दोन बाजूंनी उशीर केलायस. तुला रेसिंगची मजा येत असेल, पण तुझी बेल किती तापते ते थर्मामीटरने एकदा बघ. तू दर मोसमात चार जोड्या बेअरिंगं बदलतोस त्याचा सगळा दोष समुद्राला देऊ नकोस.

वास्को_मिठाचा_वारा

हा टोला बरोबर बसला. बघतो.

फोंड्याचा_रेस

मी लो निडल, लो निडल करत बसलो होतो. माझ्या गाडीचा समोरचा वायसर आताच जाऊन बघितला. सुदैवाने लहान आहे.

डिचोलीचा_बगीवाला

नऊ दिवसांनी परत आलोय. सेट यायला सहा दिवस लागले.

आधी कबुली. जुनी बेअरिंगं काढली तर एकाच्या झाकणावर गोल चकचकीत रेघ होती, बरोबर माझ्या वायसरच्या कडेएवढी. काका न बघता बोललात ते तिथे कोरून ठेवलेलं होतं. दुसऱ्यातून लालसर पूड पडली. आधी वाटलं सड्याची धूळ, पण तो गंजच. वास्कोवाल्यालाही अर्धे गुण.

नवीन वायसर ७ मिमीचा निघाला. तो आतल्या कडीला टेकून बाहेरच्या कडीच्या अलीकडे थांबतो, भिंगाखाली बघितलं. जास्तीचा शिम काढल्यावर प्ले ०.३५ आला, म्हणजे आधीची खडखड खरीच होती. ०.१ चा एक घातला, ०.२५ वर आलो. ०.२ चा घालून ०.१५ करता आला असता, पण एकदा हात पोळल्यावर मी सैल बाजूलाच राहिलो. चालेल ना?

स्प्रिंगा १.० च्या परत. पिशवीची युक्ती केली. दोन सुटल्या, दोन्ही पिशवीत सापडल्या. तिसरी बसवताना आई आली आणि "पिशवीत हात घालून काय करतोस" म्हणून बघत उभी राहिली. मी तिला सगळं समजावलं, स्प्रिंग आत ओढते, शू बाहेर फेकले जातात, वगैरे. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे ते तुझ्या वायसरामुळे झालं, भाच्यामुळे नाही ना?" कारण इतके दिवस वृंदावनाचं खापर मी त्याच्यावर फोडलं होतं.

निकाल: शू न लावता लादीवर सहा मिनिटं चालवली, गाडी ढिम्म. शू लावून सड्यावर नेली. पहिली टाकी सावकाश, पॉलिश पेपर मारलेले शू बेलला बसू दिले. दुसऱ्या टाकीत ब्रेकची काडी पूर्ण मोकळी, ट्रिम शून्यावर. रेस सोडली की गाडी उभी. गरम झाल्यावरही उभी. सुटताना किंचाळत नाही, एक हलका गुर्र आणि निघते. फोंडेकरांची चिमटीची चाचणीही केली. लो निडल खरंच थोडी लीन होती, पाच मिनिटांएवढी उघडली.

एक शंका. पळवून आल्या आल्या बेलला बोट लावलं तर चटका बसतो. हे ठीक आहे का?

टिपरकाका_साखळी

०.२५ चालेल. चटका बसणारच, शू घासून काम करतो तेव्हा उष्णता होणार, आणि बाजूलाच १०० अंशांच्या वर तापलेलं इंजिन आहे. पाण्याचा थेंब टाकून बघ. सावकाश उकळून गेला तर चिंता नको. टाकताच उडी मारून तडतडत पळाला तर शू अजून घसरताहेत, मग स्प्रिंग आणि शू पुन्हा बघ.

पण गरम गाडीजवळ इंधनाची बाटली उघडी ठेवून हे खेळ करू नकोस. मिथेनॉल पेटलं तर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. मी फक्त हात भाजल्यावर ओळखली होती.

समोरच्या स्क्रूला थ्रेड लॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावलास का? एप्रिलमध्ये स्क्रू पडला तो ते नसल्यामुळेच.

डिचोलीचा_बगीवाला

लावला, निळा. आधी स्क्रू आणि क्रँकचं भोक स्पिरीटने पुसून घेतलं, नाहीतर तेलावर धरत नाही असं ऐकलं होतं.

पेडण्याची_वाट (नवीन सभासद)

मी आज पहिल्यांदाच लिहितेय. नवऱ्याची १/१० ची नायट्रो आहे, दोन शूंचा क्लच. तिलाही हाच रोग: गरम झाली की सरकते. पण वायसर बदललेला नाही, कंपनीचाच आहे. तुमची शू काढून चालवायची चाचणी दोन शूंच्या क्लचलाही चालते का? काही क्लचना वेगळ्या स्प्रिंगा नसतात, शूभोवती एकच गोल स्प्रिंग असते.

टिपरकाका_साखळी

चालते. गोल स्प्रिंग असली तर तीही शूंबरोबर काढ, नाहीतर फिरताना सुटून बेलमध्ये अडकेल. तुमच्या बाबतीत पहिला संशय त्या गोल स्प्रिंगवरच. ती उष्णतेने ढिली पडते. काढल्यावर नवीन स्प्रिंगेशेजारी ठेवून बघा, जुनी मोठी दिसली तर तीच. नवऱ्याला सांगू नका की मी सांगितलं, तुम्हीच शोधलं म्हणा.

पेडण्याची_वाट

शू काढून चालवली, उभी राहिली. स्प्रिंग नव्यापेक्षा मोठी आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसतंय. आणि नवरा हे सगळं मागे उभा राहून वाचतोय, काका.

डिचोलीचा_बगीवाला

काका, आईने अंगणाच्या कोपऱ्यातली बटणांची डबी आणून दिली. त्यात एक ७ मिमीचा बारीक वायसर आहे. म्हणते, मे महिन्यात झाडताना सापडला, कुणाच्या शर्टाचा असेल म्हणून ठेवला. म्हणजे तो सड्यावर पडलाच नव्हता, घरी बेल पुन्हा बसवताना अंगणातच पडला असणार. आता सुटा म्हणून ठेवतो.

टिपरकाका_साखळी

ठेव. आणि तो ९ मिमीचा फेकून दे, डबीत टाकू नकोस. पुढच्या वेळी घाईत तोच हाताला लागेल.

डिचोलीचा_बगीवाला

फेकला. भाच्याला नवीन शर्टही घेतला.